भित्तिपत्रक, प्रेक्षक आणि वस्तुसंग्रहालय : कोल्हापूरचा एक धडा

१

एम.ए.च्या वर्गात माध्यमांसाठी लेखन हा विषय शिकवताना विद्यार्थ्यांना एकदा स्वाध्याय दिला होता. कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयासाठी एक 'इंटरॅक्टिव्ह' भित्तिपत्रक तयार करायचे, आणि ते तसेच का केले याचे दोन पानी टिपण जोडायचे. आलेल्या भित्तिपत्रकांत विलक्षण साम्य होते. वर टाउन हॉलच्या इमारतीचे छायाचित्र, मध्ये 'आपल्या गौरवशाली वारशाला अवश्य भेट द्या' अशा अर्थाची ओळ आणि खाली उजव्या कोपऱ्यात क्यूआर कोड. यात संवाद नेमका कुठे घडतो, असे विचारल्यावर जवळजवळ सर्वांनी त्या कोपऱ्यातल्या काळ्यापांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवले.

विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. संवाद म्हणजे उपकरण, ही समजूत आज सार्वत्रिक आहे. वास्तविक क्यूआर कोड १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत तयार झाला तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्याचा उपयोग माहिती साठवण्याचा आहे. प्रश्न निर्माण करणे हे त्याचे काम नव्हे. कोणी तो चौकोन मोबाइलसमोर धरावा, अशी इच्छा त्याच्या मनात आधी निर्माण करावी लागते, आणि ती निर्माण करण्याचे काम चित्राचे व शब्दांचे असते.

'इंटरॅक्टिव्ह' या शब्दासाठी मराठीत 'परस्परसंवादी', 'आंतरक्रियात्मक' असे प्रतिशब्द वापरले जातात. मला त्यांतला नुसता 'संवादी' हाच शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण त्याला संगीतातला अर्थ आधीपासून आहे. रागातील प्रमुख स्वर तो वादी, आणि त्याला जोड देणारा दुसरा महत्त्वाचा स्वर तो संवादी. या दृष्टीने पाहिले तर भित्तिपत्रक हा फक्त वादी स्वर होय. संवादी स्वर लावायचा असतो तो रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने. त्याच्यासाठी जागाच ठेवली नाही, तर कितीही चौकोन छापले तरी ते एकतर्फी भाषणच राहणार.

हा विचार मांडण्यासाठी परदेशी उदाहरणे शोधण्याची गरज नाही. ज्या शहरातल्या संग्रहालयासाठी आमचे विद्यार्थी भित्तिपत्रक करीत होते, त्याच शहरात शंभर वर्षांपूर्वी भारतीय भित्तिपत्रकाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा अध्याय लिहिला गेला. संग्रहालय आणि भित्तिपत्रक या दोन परंपरा एकाच गावात वाढल्या, परंतु त्यांची गाठ फारशी पडली नाही. ती पडायला हवी, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

चित्र दाखवून माणसाला बोलते करण्याची रीत आपल्याकडे छापखान्याच्या आधीची आहे. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी ही त्याची ठळक खूण. कागदावर रंगवलेली सुटी चित्रे एकामागून एक पुढे धरायची आणि रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगायची, असे तिचे स्वरूप. येथे चित्र स्वतःहून पुरे नसते. ते निवेदकाच्या वाणीने आणि समोर बसलेल्यांच्या पूर्वज्ञानाने पुरे होते. कथा सर्वांना ठाऊक असते, तरी पुढचे चित्र पुढे येईपर्यंतचा क्षण श्रोत्यांचा असतो. याच धाटणीच्या, पैठणी शैली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रांचा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. अर्थात काचेमागे गेल्यावर त्या चित्राजवळचा आवाज बंद झालेला असतो, आणि उरते ते अर्धेच चित्र.

दुसरा प्रवाह नाटकाच्या पडद्यांचा. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात रस्ता, राजवाडा, अरण्य, नदीकाठ अशी दृश्ये रंगवलेले पडदे ही मंडळींची मोठी मिरासदारी असे. आनंदराव आणि बाबूराव हे दोघे आतेमामे भाऊ कोल्हापुरात या कामी नावाजले गेले आणि त्यांच्या व्यवसायाचे नाव हेच त्यांचे आडनाव झाले. ३ जून १८९० रोजी जन्मलेले बाबूराव मूळचे मेस्त्री; जग त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखते. पडदा रंगवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती ही की त्याचे चित्र हे स्वतंत्र चित्र नाही. त्याच्यापुढे माणूस उभा राहायचा असतो, आणि त्या माणसासाठी चित्राच्या मध्यभागी जागा मोकळी सोडायची असते. पुढे भित्तिपत्रकाच्या रचनेला हीच दृष्टी उपयोगी पडली असावी, असे मानायला जागा आहे.

ज्या रंगमंचावर हे पडदे वरखाली होत, त्यांतले कोल्हापूरचे प्रमुख नाट्यगृह म्हणजे छत्रपती शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर, आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री लागलेल्या आगीत त्याची फार मोठी हानी झाली. कलेची साधने किती नाशवंत असतात, याची आठवण त्या रात्री गावाला पुन्हा एकदा झाली.

३

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला, आणि आनंदराव-बाबूरावांना चित्रपटाचा ध्यास लागला. स्वतःचा कॅमेरा घडवायचा या खटपटीत असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने ते काम तडीस नेले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर पुढे आल्या. 'सैरंध्री' हा त्यांचा पहिला मूकपट ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात प्रदर्शित झाला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

हा सगळा इतिहास परिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच. बाबूरावांनी आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवली. त्यांच्या 'कल्याण खजिना' या १९२४ च्या मूकपटाचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी सर्वांत जुने मानले जाते. भित्तिपत्रकाच्या जोडीला त्यांनी प्रेक्षकाच्या हाती द्यायची, कथानक आणि छायाचित्रे असलेली माहितीपुस्तिकाही काढली. म्हणजे रस्त्यावर थांबवणारे एक चित्र, आणि थांबलेल्याला हातात धरून घरी नेता येईल असा एक मजकूर, अशी ही दुहेरी योजना होती. आजच्या परिभाषेत बोलायचे तर भित्तिपत्रक आणि त्याला जोडलेला दुवा यांचे नाते त्यांनी कागदावरच साधले होते. फरक इतकाच की दुवा उघडण्याची इच्छा आधी चित्र निर्माण करीत असे.

या योजनेमागची सामाजिक परिस्थितीही ध्यानात घ्यायला हवी. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी देशात शंभरात सात-आठ माणसेच साक्षर होती. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय १९१७ साली घेतला, त्याची फळे दिसायला अजून अवकाश होता. अशा समाजात अक्षरांनी भरलेले जाहिरातपत्रक हे मूठभरांपुरते मर्यादित राहणार. चित्र मात्र हमाल, गवळी, पैलवान, शाळकरी पोर अशा सर्वांना एकाच वेळी हाक मारू शकते. शिवाय ज्याला वाचता येते तो शेजाऱ्याला वाचून दाखवतो. मूकपटाच्या थिएटरातही पडद्यावरच्या पाट्या वाचता येणारा प्रेक्षक त्या मोठ्याने वाचत असे. भित्तिपत्रकासमोरचा घोळका हा त्याच सामूहिक वाचनाचा रस्त्यावरचा अवतार होता.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे वोल्फगांग इझर यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो आणि त्या भरण्याच्या क्रियेतूनच साहित्यकृती पूर्णत्वाला जाते, ही त्यांची मांडणी १९७० च्या दशकातली. भित्तिपत्रकाला ती जितकी लागू पडते तितकी क्वचितच अन्य कोणत्या प्रकाराला पडत असेल. कारण भित्तिपत्रकात जवळजवळ सगळीच रिकामी जागा असते. तलवार उगारलेली दिसते, ती कोणावर पडली हे दिसत नाही. डोळ्यांत भय दिसते, भयाचे कारण चौकटीबाहेर राहते. उत्तर हवे असेल तर तिकीट काढून आत यावे लागते.

कधी हे काम नुसते शीर्षकही करते. बाबूरावांच्याच कंपनीत घडलेल्या व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या चित्रपटाचे नाव पाहा : 'दो आँखें बारह हाथ'. हा एक हिशेबाचा उखाणाच आहे. डोळे दोन म्हणजे माणूस एक, पण हात बारा कोणाचे? हे गणित मनात सोडवू लागलेला वाटसरू संवादात उतरलेला असतो, त्याला ते कळो वा न कळो.

४

महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ साली ती पुण्याला नेली. यांतले दामले आणि फत्तेलाल मूळचे चित्रकार. चित्रकलेकडून चित्रपटाकडे जाण्याची कोल्हापूरची वाट अशी पक्की झाली. पुढच्या पिढीतील जी. कांबळे (१९१८-२००२) हे याच मातीतले. चित्रपटांची भव्य बॅनरे रंगवून त्यांनी कीर्ती मिळवली, आणि त्यांच्याच हातून साकारलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र पुढे शासनमान्य ठरून घरोघरी पोहोचले. ज्या हाताने रस्त्यावरचे, काही आठवड्यांत उतरवले जाणारे चित्र रंगवले, त्याच हाताने कायम टिकणारी प्रतिमाही दिली, ही गोष्ट भित्तिपत्रकाच्या कलेला कमी लेखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

बॅनर रंगवण्याची रीत पाहिलेल्यांना एक गोष्ट आठवत असेल. लहान छायाचित्रावर चौकोन आखायचे, तितकेच चौकोन लाकडी चौकटीवर ताणलेल्या मोठ्या कापडावर आखायचे आणि चौकोनाला चौकोन जुळवत चेहरा मोठा करत न्यायचा. जवळून पाहिले तर नुसते रंगांचे फटकारे दिसत. रस्त्याच्या पलीकडे गेले की नाक-डोळे जागच्या जागी येत. म्हणजे पाहणाऱ्याने किती अंतरावर उभे राहायचे, हेही चित्रकाराने आधीच ठरवलेले असे. प्रेक्षकाच्या पावलांचा असा हिशेब करणारी कला 'संवादी' नाही, तर दुसरी कोणती?

संगणकावरच्या फ्लेक्सने गेल्या पंचवीसएक वर्षांत ही कला जवळजवळ संपवली. त्याहून मोठा बदल आशयाचा झाला. चौकातला फ्लेक्स प्रश्न विचारत नाही, तो जाहीर करतो. वाढदिवस जाहीर करतो, निवड जाहीर करतो, शुभेच्छुकांच्या छायाचित्रांची रांग जाहीर करतो. इतिहासही तो जाहीरच करतो : गौरवशाली, देदीप्यमान, अद्वितीय. या विशेषणांपुढे वाटसरूने करायचे काय? मान डोलवायची आणि पुढे जायचे. आमच्या विद्यार्थ्यांच्या भित्तिपत्रकांवरची ओळ कुठून आली होती, हे यावरून समजते. त्यांनी पाहिलेली एकमेव भित्तिभाषा तीच होती.

५

आता संग्रहालयाकडे वळू. भाऊसिंगजी रोडवरची टाउन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ या काळात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार उभी राहिली. नवा राजवाडाही त्यांचाच. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनने झाली. त्यांतले १९४५-४६ चे डॉ. ह. धी. सांकळिया आणि मो. ग. दीक्षित यांनी केले. त्या टेकडीवरील वस्तूंसाठी सुरू झालेले संग्रहालय १९४९ पासून टाउन हॉलमध्ये आहे. तेथे आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर अशा कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रेही आहेत.

या संग्रहातील सर्वांत अद्भुत वस्तू म्हणजे ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती. ग्रीकांचा हा समुद्रदेव सातवाहनांच्या काळात रोमन व्यापाराच्या वाटेने येथवर आला, असे अभ्यासक मानतात. मूर्ती वीतभर उंचीचीही नाही. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, आणि त्याचा देव अलीकडे, गोड्या पाण्याच्या काठी. एवढी मोठी रिकामी जागा ज्या वस्तूभोवती आहे, तिला 'अवश्य भेट द्या' या शब्दांची गरज काय?

विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा बसून आम्ही काही पर्याय कागदावर मांडले. त्यांतला पहिला असा. मोठा कोरा कागद. बरोबर मध्यभागी पोसायडनची मूर्ती तिच्या प्रत्यक्ष आकारात, तसूभरही मोठी न करता. खाली एकच ओळ : 'समुद्राचा देव पंचगंगेकाठी कसा आला?' बॅनरच्या चित्रकाराने प्रेक्षकाला दूर नेले. येथे त्याला जवळ यावे लागेल. मूर्ती किती लहान आहे हे पाहण्यासाठी माणूस आपोआप आपला पंजा तिच्याशेजारी धरतो. आम्ही तो कागद विभागाच्या भिंतीवर लावला तेव्हा पहिल्या दिवशी हेच घडले. स्पर्शाने चालणारा पडदा नव्हता, तरी स्पर्श झाला.

दुसरा पर्याय उत्खननाच्या थरांचा. सिनेमाच्या भिंतीवर एकावर एक खळीने चिकटवलेली भित्तिपत्रके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना थर म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. वरचा कागद फाटला की खालच्या सिनेमाचा डोळा दिसतो, त्याखाली आणखी जुन्याचे अक्षर. ब्रह्मपुरीची टेकडीही तशीच आहे. मग भित्तिपत्रकच थरांचे का नसावे? वर आजची ब्रह्मपुरी. तो पट उचलला की बहामनी काळ. त्याखाली, सर्वांत तळाशी सातवाहन काळ. पाहणाऱ्याच्या हाताने घडणारे हे छोटे उत्खननच होय. आणि क्यूआर कोड? तोही असावा, पण तळाच्या थरावर. तोवर पोहोचलेल्या माणसाला आणखी जाणून घ्यायचे असणारच.

प्रेक्षकाच्या हाताला काम देण्याची ही कल्पना संग्रहालयांच्या जगात नवी नाही. फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत उघडलेले एक्स्प्लोरेटोरियम याच तत्त्वावर उभे राहिले, आणि मुंबईच्या वरळीतील १९८५ चे नेहरू विज्ञान केंद्रही. लंडनच्या भुयारी रेल्वेची प्रसिद्धी १९०८ पासून पाहणाऱ्या फ्रँक पिक यांनी तर रेल्वेऐवजी रेल्वेने जाता येईल अशा बागांची, संग्रहालयांची भित्तिपत्रके चांगल्या चित्रकारांकडून करवून घेतली. आपल्याकडे चित्रकार होते, भिंती होत्या, थांबणारा प्रेक्षकही होता. ती सगळी शक्ती थिएटरच्या दारापर्यंत जाऊन थांबली.

६

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि वर्गात तो आलाही. सिनेमाचे भित्तिपत्रक खोटे बोलले तरी चालते. त्याला अतिशयोक्ती माफ असते. संग्रहालयाला ती माफ नाही. कुतूहल वाढवायचे म्हणून उद्या कोणी 'कोल्हापुरात ग्रीक राहत होते!' असे छापले तर? एका मूर्तीवरून वस्ती सिद्ध होत नाही. व्यापारात वस्तू हातोहात फिरतात. पण कागदावर ते वाक्य आकर्षक दिसेल, आणि पाहता पाहता ते मोबाइलवरून गावभर फिरून इतिहास बनेल.

हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच संग्रहालयाच्या भित्तिपत्रकाला नियम हवा : रिकामी जागा खरी असावी. ज्या प्रश्नाचे उत्तर अभ्यासकही सावधपणेच देतात, तोच प्रश्न विचारावा. सिनेमावाल्याने उत्तर लपवलेले असते. संग्रहालयाने लपवायचे काही नाही, आपल्या ज्ञानाची सीमा जिथे आहे तिथे बोट ठेवायचे आहे. 'गौरवशाली वारसा' म्हणणारे भित्तिपत्रक आणि 'ग्रीक राहत होते' म्हणणारे भित्तिपत्रक, दोन्ही एकाच चुकीची रूपे आहेत. दोन्ही पाहणाऱ्याला विचार करण्यापासून सोडवतात. इतिहासावरून माणसे चटकन हमरीतुमरीवर येण्याच्या या काळात, ज्या ठिकाणी इतिहासाला प्रश्न विचारणे हीच सभ्य रीत आहे असे ठिकाण म्हणजे वस्तुसंग्रहालय. त्याच्या दारावरच्या कागदाने ती रीत शिकवू नये, तर कोणी शिकवावी?

आणखी एक गोष्ट राहून राहून मनात येते. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज नष्ट झाले आहेत. ज्यांच्याकडे बोलावण्यासाठी ती चित्रे रंगवली, ते चित्रपट गेले, आणि काही आमंत्रणे तेवढी मागे राहिली. भित्तिपत्रक हे टिकण्यासाठी केलेले नसते. खळ वाळली की त्याचे आयुष्य मोजके. तरीही 'कल्याण खजिना'च्या त्या कागदावरून आज आपण एका हरवलेल्या कलाकृतीची कल्पना करू पाहतो. आमंत्रण मनापासून केलेले असेल तर ते स्वतःच पुढच्या काळासाठी पुरावा होऊन बसते.

स्वाध्यायाचे गुण द्यायचे होते, तेव्हा एका विद्यार्थिनीने आपले जुने भित्तिपत्रक परत मागून घेतले. इमारतीचे छायाचित्र तिने ठेवले, 'अवश्य भेट द्या' खोडले आणि त्या जागी हाताने लिहिले : 'आत एक देव आहे, त्याची वाट चुकली असेल का?' वाक्य सदोष आहे, देवाची वाट चुकली की माणसांनी त्याला आणले, यावर तिच्याशी वाद घालता येतो. तसा तो वर्गात चांगला अर्धा तास झाला. मग सात-आठ जण उठून टाउन हॉलकडे गेले.